पेरॉक्साइडची स्वच्छताद्रव्ये: टिकाव आणि ताकद

पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यात फरक आहे तो ऑक्सिजनच्या एका अणूचा. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो, पेरॉक्साइडच्या रेणूत दोन, आणि हे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात. त्यांच्यातला बंध कमकुवत असतो. तो तुटला की जादाचा ऑक्सिजन डागातल्या रंगद्रव्यावर किंवा जंतूच्या पेशीवर हल्ला करतो आणि मागे राहते फक्त पाणी. क्लोरीनचा उग्र दर्प नाही, फरशीवर क्षारांचा थर नाही, सांडपाण्यात विषारी अवशेष नाहीत. रुग्णालयातील पृष्ठभाग पुसण्यापासून कपड्यांवरचे चहाचे डाग काढण्यापर्यंत पेरॉक्साइडला मागणी आहे ती यामुळेच. अडचण एवढीच, की तो बंध बाटलीत, पिंपात, गोदामातही तुटू शकतो. म्हणून असे द्रव्य बनवणाऱ्याला दोन कामे साधावी लागतात: विक्रीपर्यंत आणि वापरापर्यंत हा बंध शाबूत ठेवणे, आणि डागावर पडताच तो झटपट तुटेल अशी सोय करणे. पहिल्या कामाला जे उपकारक असते, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या आड येते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जॅक थेनार यांनी १८१८ मध्ये पॅरिसमध्ये बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून हे द्रव्य पहिल्यांदा मिळवले. त्याचा भंगुर स्वभावही त्यांच्याच लक्षात आला. चांदी, प्लॅटिनम, मँगनीज डायऑक्साइड यांचा नुसता स्पर्श झाला तरी ते फसफसून ऑक्सिजन सोडते आणि हे पदार्थ स्वतः मात्र जसेच्या तसे राहतात. उलट थोडे आम्ल असले की द्रव्य शांत राहते, असे त्यांनी नोंदवले. पुढे बर्झेलियस यांनी उत्प्रेरणाची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर जी उदाहरणे होती त्यांत हेही होते. १८९४ मध्ये रिचर्ड वोल्फेनश्टाइन यांनी निर्वात ऊर्ध्वपातनाने जवळजवळ शुद्ध पेरॉक्साइड मिळवले. शुद्ध स्वरूपात ते चांगले टिकते हे त्यातून दिसले. नासधूस होते ती त्यात मिसळलेल्या मळामुळे, आणि या विषयातील निम्म्याहून अधिक कारागिरी याच एका गोष्टीभोवती फिरते.

आजचे औद्योगिक उत्पादन अँथ्राक्विनोन पद्धतीने होते. १९३०च्या दशकात जर्मनीत रीडल आणि फ्लायडरर यांनी ती विकसित केली. अँथ्राक्विनोनच्या द्रावणाला उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन द्यायचा, मग त्यातून हवा खेळवायची आणि तयार झालेले पेरॉक्साइड पाण्यात उतरवून घ्यायचे. उरलेले द्रावण पुन्हा सुरुवातीला. महाराष्ट्रात १९५४ साली स्थापन झालेल्या नॅशनल पेरॉक्साइड या कंपनीचा कारखाना कल्याणजवळ आहे. कारखान्यातून माल बाहेर पडतो तो सहसा ३५ ते ७० टक्के संहतीचा. घरगुती आणि संस्थात्मक स्वच्छताद्रव्यांत मात्र अर्धा टक्का ते सहा-सात टक्के एवढेच पेरॉक्साइड असते. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ, एक लिटर द्रावणाचे पूर्ण विघटन झाले तर २० लिटर ऑक्सिजन वायू मिळेल. टक्क्यांत सांगायचे तर सुमारे सहा. तीन टक्क्यांचे द्रावण म्हणजे दहा व्हॉल्यूम.

हा हिशेब बाटली भरणाऱ्याने मनाशी पक्का ठेवायला हवा. तीन टक्के पेरॉक्साइड असलेली अर्ध्या लिटरची बाटली घेतली, तर तिच्यात पाच लिटर ऑक्सिजन दडलेला आहे. त्यातले फक्त एक टक्का विघटन झाले तरी ५० मिलिलिटर वायू तयार होतो. बाटलीच्या गळ्याशी रिकामी जागा असते २०-२५ मिलिलिटरची. झाकण घट्ट असेल तर आतला दाब वातावरणाच्या तिप्पट होतो. बाटली आधी फुगते, मग तिचा तळ बाहेर येतो आणि शेवटी झाकणातून गळती लागते. एक टक्का हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. दुकानदाराच्या फळीवर मात्र त्याचा अर्थ परत आलेला माल असा होतो.

विघटनाला चालना देणाऱ्यांत पहिला मान धातूंचा. लोखंड, तांबे, मँगनीज, क्रोमियम यांचे आयन दशलक्षांत एखादा भाग असले तरी पुरते. हे आयन एकदा इलेक्ट्रॉन देतात, एकदा घेतात आणि पुन्हा मूळ रूपात येतात. प्रत्येक फेरीत पेरॉक्साइडचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल मूलकासारखे अत्यंत आक्रमक तुकडे बाहेर पडतात. लोखंडाच्या बाबतीतली ही क्रिया हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये नोंदवली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विरजणाचा थेंब जसा अख्ख्या पातेल्यातल्या दुधाला पुरतो, तसा धातूचा हा अंश अख्ख्या पिंपाला पुरतो, कारण काम करताना तो संपत नाही.

म्हणून पाण्याची निवड ही पहिली पायरी. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यातले लोखंड आणि पाइपातून आलेला गंज पेरॉक्साइडला पुरेसा असतो. क्षार आणि आयन काढून टाकलेले पाणीच वापरावे लागते. टाक्या आणि नळ्या पितळ, तांबे किंवा साध्या लोखंडाच्या चालत नाहीत. चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील नायट्रिक आम्लाने धुऊन, त्यावर संरक्षक थर बसवून मगच वापरले जाते. नाहीतर पॉलिथीनच्या टाक्या. दुरुस्तीनंतर टाकीत राहिलेला एखादा खिळा, वेल्डिंगची धूळ, मिसळण्याच्या दांड्यावरचा गंज, यांनी एकेक अख्खी खेप वाया जाते. पिंपातून काढलेले पेरॉक्साइड उरले तर ते परत पिंपात ओतायचे नाही, हा या धंद्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. उरलेल्या दोन ग्लासांचा मोह अख्ख्या पिंपाला महागात पडतो.

उष्णता आणि प्रकाश हे पुढचे शत्रू. तापमान दहा अंशांनी चढले की विघटनाचा वेग ढोबळमानाने दोन-सव्वादोन पट होतो. २५ अंशांच्या खोलीत वर्षभर बरे टिकणारे द्रव्य विदर्भातल्या पत्र्याच्या गोदामात ४५ अंशांवर ठेवले, तर ते जवळपास पाचपट वेगाने खालावते. थंड देशातले सूत्र जसेच्या तसे इथे आणले की फसते ते या गणितामुळे. अतिनील किरणही ऑक्सिजन–ऑक्सिजन बंध थेट तोडतात, म्हणून बाटली अपारदर्शक हवी.

कितीही काळजी घेतली तरी धातूंचा काही अंश आत येतोच. त्याला जखडून ठेवण्यासाठी स्थिरक वापरतात. सोडियम स्टॅनेट हा जुना आणि भरवशाचा स्थिरक. आम्लधर्मी द्रावणात त्याचे कथिलयुक्त अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातूंचे आयन त्या कणांना चिकटून निष्क्रिय होतात. पायरोफॉस्फेट त्याच्या जोडीला असते. पण स्वच्छताद्रव्यात सर्फॅक्टंट, म्हणजे तेल आणि पाणी यांच्यात दुवा साधणारा घटक, आम्ल, क्षार असा बराच परिवार असतो. त्या गर्दीत हे कण एकत्र येऊन तळाशी बसू शकतात आणि स्टॅनेटची भिस्त संपते. अशा ठिकाणी फॉस्फोनेट वर्गातली संयुगे अधिक उपयोगी पडतात. त्यांतले एटिड्रॉनिक आम्ल सर्वांत परिचित. हे रेणू धातूच्या आयनाला चहूबाजूंनी वेढतात, विरघळलेले राहतात आणि स्वतः पेरॉक्साइडच्या माऱ्यालाही तोंड देतात. शेवटचा गुण कळीचा आहे. धातू जखडणारी इतर अनेक सेंद्रिय संयुगे पेरॉक्साइडच्या सहवासात हळूहळू स्वतःच जळतात आणि काही महिन्यांनी धातू पुन्हा मोकळे होतात. मूलकांना गिळणारे सॅलिसिलिक आम्लासारखे पदार्थ काही सूत्रांत घालतात, पण ते दुय्यम फळीतले. मुळात पाणी आणि कच्चा माल अशुद्ध असेल तर स्थिरकाची मात्रा वाढवून काही साधत नाही.

आता सामूचा, म्हणजेच पीएचचा प्रश्न, आणि इथे टिकाव व ताकद यांचा झगडा उघड होतो. डागातला रंग उडवण्याचे काम प्रामुख्याने पेरॉक्साइडचा अखंड रेणू करत नाही. त्यातून एक हायड्रोजन आयन निघून गेल्यावर उरणारा परहायड्रॉक्सिल हा ऋण आयन ते करतो. सुमारे ११.६ सामूला निम्मे पेरॉक्साइड या रूपात असते. सामू १० असेल तर साधारण ४० रेणूंमागे एक आयन मिळतो. सामू ४ असेल तर चार कोटी रेणूंमागे एक. आम्लात पेरॉक्साइड टिकते ते याचसाठी, आणि आम्लात ते डागापुढे मंद असते तेही याचसाठी. आम्लारिधर्मी द्रावणात विघटनही वेगाने होते, त्यामुळे साबणासारख्या सामूची पेरॉक्साइडची बाटली महिनोन्‌महिने ठेवणे अवघड.

हळदीच्या डागावर ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. पांढऱ्या सुती कापडावर फोडणीची आमटी सांडली की डागात दोन वेगळे पदार्थ असतात: तेल, आणि तेलात विरघळलेले कर्क्युमिन. कापडाला साबण लावताच पिवळा डाग लालसर होतो, कारण कर्क्युमिन आम्लारीत रंग बदलते. डाग अधिक पक्का झाला असे समजून पुष्कळदा तिथेच हात थांबतो. खरे तर कर्क्युमिन या अवस्थेत अधिक दुबळे असते. त्याच्या रेणूत दोन कडी असतात आणि त्यांना जोडणारी कार्बनची साखळी. एकाआड एक दुहेरी बंधांच्या या रचनेमुळे त्याला रंग येतो. सर्फॅक्टंटने तेल उचलले आणि धुण्याच्या सोड्याने सामू दहाच्या आसपास नेला, की परहायड्रॉक्सिल आयन त्या साखळीवर तुटून पडतो. साखळी तुटली की रंग गेला. तुकडे कापडात उरले तरी दिसत नाहीत आणि पुढच्या धुण्यात निघून जातात. हाच डाग नुसत्या तीन टक्के आम्लधर्मी पेरॉक्साइडने भिजवून ठेवला तर फारसा हलत नाही, आणि तेल न काढता कितीही पेरॉक्साइड ओतले तरी ते वरच्या वर राहते. पेरॉक्साइड रंग घालवते. चिकटा घालवण्याचे काम दुसऱ्याचेच.

या झगड्यावर द्रवरूप मालात रूढ तोडगा आहे तो असा: बाटलीतले द्रव्य ३ ते ५ सामूवर ठेवायचे आणि ते धुण्याच्या आम्लारिधर्मी पाण्यात पडले की आपोआप सक्रिय होऊ द्यायचे. दुसरा तोडगा दोन कप्प्यांच्या बाटलीचा. एका कप्प्यात आम्लधर्मी पेरॉक्साइड, दुसऱ्यात आम्लारी, आणि दोन्ही एकत्र येतात ते फवाऱ्याच्या तोंडाशी. ही रचना परिणामकारक असली तरी महाग पडते.

पेरॉक्साइडच्या सोबतीला काय घालावे, याची निवड काटेकोर असते.  ज्या सर्फॅक्टंटच्या रेणूत दुहेरी बंध आहेत किंवा सहज ऑक्सिडीकरण होणारे गट आहेत, तो टिकत नाही. संतृप्त साखळीचे अल्कोहोल इथॉक्सिलेट, अल्किल बेंझिन सल्फोनेट, अमीन ऑक्साइड हे चांगले टिकतात. मात्र त्यांच्या निर्मितीतून उरलेले धातू आणि अशुद्धी तपासून घ्याव्या लागतात. सुवासांत लिंबाचा वास देणारे लिमोनीन आणि सिट्रल लवकर बिघडतात, बाटलीचा वास काही महिन्यांत बदलतो आणि सोबत पेरॉक्साइडही खर्ची पडते. बहुतेक रंग फिकट होतात, त्यामुळे अशा द्रव्याला रंग न देणेच शहाणपणाचे. दाटपणासाठी घातलेला डिंकासारखा पदार्थ पेरॉक्साइडने तुटतो आणि दाट द्रव पातळ होतो. डाग पचवणारी विकरे द्रवात पेरॉक्साइडबरोबर नांदत नाहीत. सूत्रात घटक जितके कमी, तितकी बाटली शांत. पेरॉक्साइड सहसा सर्वांत शेवटी, मिश्रण थंड झाल्यावर मिसळतात.

जंतुनाशक म्हणून पेरॉक्साइडचे वागणे थोडे निराळे आहे. नुसते तीन टक्के द्रावण अनेक जंतूंवर हळू काम करते, कारण पुष्कळ जीवाणूंकडे कॅटलेज हे विकर असते आणि ते पेरॉक्साइड फोडून निकामी करते. जखमेवर ओतल्यावर जो फेस येतो, तो रक्त आणि ऊतींमधल्या याच विकराचा. फेस दिसला म्हणजे औषध काम करते आहे, हा समज चुकीचा आहे. त्या क्षणी पेरॉक्साइड वाया जात असते. सर्फॅक्टंट आणि थोडे आम्ल यांची योग्य जोड दिली तर चित्र बदलते. पेशीचे आवरण सैल होते, पेरॉक्साइड आत शिरते, आणि अर्धा टक्का संहतीचे द्रावणही काही मिनिटांत काम करते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडात विकसित झालेली त्वरित पेरॉक्साइडची सूत्रे याच तत्त्वावर आहेत. कोविडच्या साथीत, मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभागांसाठी सुचवलेल्या द्रव्यांत अर्ध्या टक्क्याहून अधिक संहतीच्या पेरॉक्साइडचा समावेश होता. जीवाणूंचे बीजाणू मात्र चिवट असतात. वैद्यकीय उपकरणे निर्जंतुक करण्याच्या साडेसात टक्क्यांच्या द्रावणालाही त्यासाठी सहा तास लागतात. शिवाय पृष्ठभागावर रक्त, पू किंवा अन्नाचा थर असेल तर पेरॉक्साइड त्या थरातच खर्च होते; आधी पुसून घेणे टाळता येत नाही.

पेरॉक्साइड कोरड्या रूपातही विकता येते. १९०७ मध्ये जर्मनीतल्या हेंकेल कंपनीने पर्सिल ही धुण्याची पूड आणली. तिचे नाव परबोरेट आणि सिलिकेट या दोन घटकांच्या नावांतून बनले आहे. परबोरेटला काम करायला गरम पाणी लागे. युरोपात कपडे उकळून धुण्याची रीत होती, तोवर ते चालून गेले. आज त्याची जागा बहुतांशी सोडियम परकार्बोनेटने घेतली आहे. धुण्याचा सोडा आणि पेरॉक्साइड यांचा हा स्फटिकरूप संयोग. वजनाने जवळपास एक तृतीयांश पेरॉक्साइड. पाण्यात पडताच पेरॉक्साइड मिळते आणि सोड्यामुळे सामूही आपोआप दहाच्या वर जातो. टिकाव आणि ताकद यांचा झगडा इतक्या सरळपणे दुसऱ्या कोणत्याच रूपात सुटलेला नाही.

त्याचा शत्रू एकच, ओल. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली पुडी आठवड्यांत निष्प्रभ होते. म्हणून प्रत्येक कणावर सोडियम सल्फेट, कार्बोनेट किंवा सिलिकेटचे कवच चढवतात. पुडीतला बाकीचा माल कोरडा असावा लागतो, आणि वेष्टन ओल आत येऊ न देणारे पण आतला वायू बाहेर सोडणारे. मोठ्या साठ्यात ओल शिरली तर विघटनातून निघालेली उष्णता अडकून राहते आणि ढीग आतून तापत जातो, त्यामुळे गोदामात तापमानावर लक्ष ठेवावे लागते.

थंड पाण्यात परकार्बोनेटही मंदावते. त्यावर उपाय म्हणून टीएईडी हा सक्रियक पुडीत मिसळतात. धुण्याच्या पाण्यात पेरॉक्साइडशी त्याची क्रिया होऊन परॲसिटिक आम्ल तयार होते आणि ते ४० अंशांच्या पाण्यातही डाग काढते. याहून पुढे जाण्याचा एक धाडसी प्रयत्न युनिलिव्हरने १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये केला. ‘पर्सिल पॉवर’ या पुडीत मँगनीजचे संयुग उत्प्रेरक म्हणून घातले होते. डाग झपाट्याने जात, पण काही कपड्यांचे रंग आणि धागेही खराब होत. प्रतिस्पर्धी प्रॉक्टर अँड गॅम्बलने फाटक्या कपड्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, सूत्रात बदल करूनही शंका मिटल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षी ही पूड मागे घ्यावी लागली. स्थिरक ज्या धातूंना जखडून ठेवतात, त्यांतलाच एक मुद्दाम मोकळा सोडला तर त्याचा जोर डागापुरता राहत नाही.

याच दोषाचे लहान रूप इचलकरंजी-भिवंडीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावांत कापड प्रक्रिया करणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. सुती कापडाचे विरंजन पेरॉक्साइड, कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांच्या गरम द्रावणात होते. सिलिकेट हा तिथला स्थिरक. मागातून लोखंडाचा बारीक कण कापडात अडकून आला, तर नेमक्या त्या ठिकाणी पेरॉक्साइड भडकते, सूत जळते आणि टाचणीएवढे भोक पडते. बाकीचे कापड निर्दोष असते. म्हणूनच घरी कपड्यावरचा गंजाचा डाग पेरॉक्साइडने काढायला जाऊ नये. गंज तर जात नाहीच, कापडही विरते.

बाटलीसाठी जाड पॉलिथीन उत्तम. झाकणात वायू सोडणारी, द्रव अडवणारी सूक्ष्म छिद्रांची चकती असते. फवाऱ्याच्या यंत्रणेकडे अनेकदा दुर्लक्ष होते: आतली स्प्रिंग आणि गोळी साध्या पोलादाची असेल, तर बाटली निर्दोष असूनही द्रव्य नळीतून नासायला सुरुवात होते.

सूत्र पक्के करण्याआधी त्याची परीक्षा होते. नमुने ४० अंशांवर तीन महिने किंवा ५४ अंशांवर दोन आठवडे ठेवून किती पेरॉक्साइड उरले ते मोजतात. मोजण्याची जुनी रीत आजही कामाची आहे. नमुन्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून ब्युरेटमधून जांभळे पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडायचे. पेरॉक्साइड शिल्लक आहे तोवर प्रत्येक थेंबाचा रंग चंचुपात्रात पडताच नाहीसा होतो. ज्या थेंबाने फिकट गुलाबी छटा येऊन टिकून राहते, तिथे थांबून ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. सुवास आणि काही सर्फॅक्टंट परमँगनेट खातात, त्यामुळे गुंतागुंतीच्या सूत्रांसाठी आयोडीनवर आधारित मापन अधिक विश्वासार्ह ठरते. तापवलेल्या नमुन्यात सामू, वास, दाटपणा आणि बाटलीचा फुगवटाही पाहिला जातो. लेबलवर लिहिलेली संहती मुदतीच्या शेवटच्या दिवशीही भरावी, म्हणून भरताना पेरॉक्साइड थोडे जास्त घेतात.

वापरणाऱ्यासाठी वेष्टनावर काही सूचना ठळक असाव्या लागतात. पेरॉक्साइड आणि क्लोरीनयुक्त ब्लीच एकत्र करू नयेत. दोन्ही एकमेकांना निकामी करतात आणि ऑक्सिजन इतक्या जोराने सुटतो की द्रव उसळून अंगावर येऊ शकतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एका बाटलीत साठवले तर परॲसिटिक आम्ल तयार होते, ते डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबते. परकार्बोनेटची पूड पाण्यात कालवून ते द्रावण बंद बाटलीत ठेवणे सर्वांत धोक्याचे, कारण त्या सामूला विघटन थांबत नाही आणि बाटली फुटते. असे द्रावण लागेल तेवढेच, उघड्या बादलीत करावे आणि उरलेले त्याच दिवशी ओतून टाकावे.